शेंडेनक्षत्राची खालची शेपटी

भाईदास फोटोवाल्याचा हात इतका साफ होता, की जळगावातले उपवर मुलींचे बाप आधी त्याच्या स्टुडिओत यायचे आणि मग पत्रिका घेऊन ब्राह्मणाकडे जायचे. पत्रिकेतला मंगळ काढायला शांती करावी लागते, खर्च येतो. चेहऱ्यावरचे देवीचे वण भाईदास एका बैठकीत काढायचा.

खिडकीशी उतरतं डेस्क होतं. त्यावर तो काचेची निगेटिव्ह ठेवायचा. काचेवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा वण तिथे पांढरा दिसतो, तो सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने भरायचा. उजेडाचा पांढरा डाग तिथे काळा दिसतो, तो बारीक पात्याने खरडायचा. श्वास रोखून, मान न हलवता भाईदास हे काम करायचा आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या काळ्यासावळ्या, वणांनी भरलेल्या पोरीची गुळगुळीत नवरी करून टाकायचा. फोटो पाहून मुलीच्या आयासुद्धा क्षणभर विचारात पडत, ही आपलीच ना?

अशा माणसाच्या घरी चार माणसांचा राबता असेल असं कोणालाही वाटेल. पण स्टुडिओ बंद करून मागच्या दोन खोल्यांत गेला की भाईदास एकटा असायचा. बायको कुंदाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा नव्हता. एकच मुलगी बेबा, ती नरडाण्याजवळच्या खेड्यात दिलेली. आई होती तोवर बेबा दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी यायची. कुंदाबाई चोपड्याहून भाच्याला बोलावून घ्यायची आणि मुराळी म्हणून धाडायची. तो बेबाला घेऊन यायचा. कुंदाबाई गेली, भाचा आपल्या केळीच्या बागेत गुंतला, आणि भाईदास दर आखाजीला नुसतं कार्ड टाकत राहिला, की ये. पण नुसत्या कार्डाने कुठे माहेरपण होतं? खानदेशात आखाजीला लेक आपली आपण येत नाही. तिला न्यायला माहेरचं माणूस दारात उभं राहावं लागतं. हे भाईदासला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. त्याचं पाऊलच उचलत नव्हतं, आणि त्याला कारण होतं एक फोटो.

बेबाला लहानपणी देवी आल्या होत्या. जीव वाचला, पण दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण राहिले. लग्नाचं निघालं तेव्हा नवरामुलगा, झुलाल, सुरतेला रेल्वेत होता. त्याला रजा मिळेना म्हणून फोटो मागवला. त्या दिवशी भाईदास डेस्कवर बसला आणि जे जगाच्या पोरींचं केलं तेच स्वतःच्या पोरीचं केलं. एकही वण ठेवला नाही. झुलालने होकार कळवला, लग्न लागलं. तो भला माणूस, अंतरपाट दूर झाल्यावर चकार शब्द बोलला नाही. सासू ताईबाई मात्र बोलायची. तिने तो फोटो ओसरीवर टांगला आणि आल्यागेल्याला विचारायची, “वळखा बरं, कोण शे ही?”

बेबाला सासूचं लागलं नाही. तिला लागलं ते दुसरंच. सासरी निघताना आपल्या गालावर बोट ठेवून तिने भाईदासला एवढंच विचारलं होतं, “नाना, तुम्हले बी मनं तोंड असं नको व्हतं का?”

आणि भाईदास काय बोलला? म्हणाला, “बेटा, तो धंदाच शे.” उचलली जीभ लावली टाळ्याला. ते वाक्य तेव्हापासून त्याला सलत होतं. नरडाण्याला जायचं म्हणजे त्या ओसरीवर, त्या फोटोखाली बसायचं. त्यापेक्षा कार्ड बरं.

सत्तावन्न सालच्या एप्रिलात संध्याकाळी शेंडेनक्षत्र दिसायला लागलं. सूर्य बुडाला, की वायव्येला, सातपुड्याच्या अंगाला, एक पांढुरका झुबका वर उठलेला दिसायचा. बाजारात त्यावर रोज चर्चा. कोणी म्हणे लढाई होणार, कोणी म्हणे कपाशीचा भाव पडणार. भाव दरसाल पडतोच, त्याला आकाशातून कशाला कोणी यायला हवं! बायका तर पोरांना अंगणातून आत ओढून घेत होत्या. भाईदासने मात्र ते पाहिलं आणि त्याला एकदम बेबा आठवली.

बेबा दहा-अकरा वर्षांची असताना त्याने धुळ्याच्या जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली होती. फौजेच्या मोडीतली, पितळी, दोन इंची भिंगाची, स्वस्तातली. मेहरूणच्या तलावावर बापलेक चंद्र पाहायला जायचे. पहिल्यांदा चंद्रावरचे खड्डे पाहिले तेव्हा बेबा कितीतरी वेळ डोळा काढेना. मग म्हणाली, “नाना, याले बी देवी येल व्हत्या का?”

भाईदास हसला होता. “हा. तरी देख, बठ्ठा लोक त्यालेच देखतस.”

त्यावर ती जी खुलली, तिने हट्टच धरला, मले चंद्रना फोटो काढी द्या. भाईदासने प्रयत्न केला. स्टुडिओतला कॅमेऱ्याचा डबा दुर्बिणीच्या मागे बांधला, तर नाकापेक्षा मोती जड. दुर्बीण मान टाकायची, चंद्र काचेवर लांबट फरफटत जायचा. आज करू, उद्या करू करता दुर्बीण माळ्यावर गेली आणि बेबा सासरी गेली.

चंद्राचा नाही तर शेंडेनक्षत्राचा. हा फोटो घेऊन आपण स्वतः मुराळी म्हणून जायचं, भाईदासने ठरवलं. रिकाम्या हाताने त्या ओसरीवर चढायची त्याची छाती नव्हती. हातात हे असलं, तर बेबा येईल. आखाजीला घरात बांगड्या वाजतील. एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो हात धुऊन दुर्बिणीच्या मागे लागला.

सगळी लढाई वजनाशी होती. डोळ्याला लावायचं मागचं भिंग त्याने काढून टाकलं. पुढचं भिंग जिथे चित्र पाडतं तिथेच फोटोची काच बसवायची, म्हणजे मधलं ओझं गेलं. पितळी नळीही टाकून दिली. कुंदाबाईचं मुसळ घेतलं, त्याला वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळ लावून गुंडाळल्या, पापडासारखं उन्हात वाळवलं आणि मुसळ ओढून काढलं. कागदाची कडक, फुलासारखी हलकी नळी हातात आली. आतून तिला दिव्याची काजळी फासली. काच धरायचा डबा चहाच्या खोक्याच्या पातळ फळीचा केला, आत जुन्या छत्रीचं कापड लावलं. स्टुडिओतली फोटोची मोठी काच अंधाऱ्या खोलीत हिऱ्याने कापून तिचे चार तुकडे केले, एकेक तुकडा डब्यात बसेल असा. मग दोन फळ्या दाराच्या बिजागरीने जोडल्या. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची आणि वरची फळी खालच्या लांब स्क्रूने हळूहळू उचलत राहायची, म्हणजे आकाश सरकेल तशी दुर्बीणही सरकेल. जड दुर्बीण असती तर फळी थरथरली असती. ही कागदाची पोर तिच्यावर निवांत बसली.

सगळं जुळलं त्या दुपारी भाईदास ते दोन्ही हातांवर तोलून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. “देख, किती हलकं झालं,” असं तोंडातून निघूनही गेलं. आत चूल थंड होती. दुर्बीण खाली ठेवून त्याने मुसळाला लागलेली खळ ओल्या फडक्याने पुसली आणि ते जागेवर ठेवलं.

मेहरूणच्या बांधावर त्याने संध्याकाळी घालवायला सुरुवात केली. वेळ फार थोडा मिळायचा. उजेड विरेपर्यंत थांबायचं, आणि शेंडेनक्षत्र गावावरच्या धुरात उतरायच्या आत फोटो उरकायचा. पहिल्या संध्याकाळी घाई झाली, काच नुसती धुरकट निघाली. दुसऱ्या वेळी डब्याच्या कोपऱ्याला फट राहिली होती. तिथून उजेड शिरला आणि काचेच्या कडेपासून थेट मध्यापर्यंत एक सरळ रेघ उमटली. भाईदासने कपाळावर हात मारला आणि फट डिंक-कापडाने बुजवली. त्यानंतर धुळीची वावटळ. मग एक संध्याकाळ अशी आली, की वारा पडला आणि आकाश धुतल्यासारखं झालं.

काढलेलं मागचं भिंग आणि चष्म्याचं एक जुनं भिंग जोडून त्याने बाजूला एक छोटी दुर्बीण केली होती, आत रेशमाच्या दोन धाग्यांची फुली. शेंडेनक्षत्राचं डोकं त्या फुलीवर धरून ठेवायचं आणि हाताने स्क्रू फिरवत राहायचा. त्याने एक डोळा मिटला, दुसरा लावला आणि मान वर केली नाही. वाकून पाठ भरून आली, घाम डोळ्यांत उतरला, तरी नाही. आकाश एवढं मोठं उघडं पडलं होतं आणि भाईदास त्यातली एक फुली पाहत होता. शेजारी कोणी असतं तर म्हणालं असतं, अहो, जरा वर तरी बघा. शेजारी कोणी नव्हतं.

स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली त्याने काच धुतली. आलं होतं! डोकं, आणि डोक्यापासून वर उसळलेली शेपूट, नव्या केरसुणीसारखी पसरलेली. मागे बारीक तारे टिंबाटिंबांनी. भाईदास एकटाच मोठ्याने हसला. आणि मग त्याला ती रेघ दिसली. डोक्याच्या खालच्या बाजूने, शेपटीच्या अगदी उलट दिशेला, एक बारीक सरळ रेघ निघाली होती.

“पुन्हा फट!” तो चरफडला.

नीट पाहिलं असतं तर त्याच्या लक्षात आलं असतं. फटीतला उजेड काचेच्या कडेपासून सुरू होतो. ही रेघ डोक्यापासून सुरू होत होती आणि कडेपर्यंत पोचतच नव्हती. पण शाळेच्या पुस्तकात काय छापलं होतं? शेंडेनक्षत्राची शेपूट सूर्याकडे पाठ करून असते, नेहमी. ही रेघ तर सूर्य बुडाला त्या बाजूला चालली होती. म्हणजे ती शेपूट असूच शकत नाही, म्हणजे तो डागच. आणि डाग म्हटला की भाईदासचा हात थांबत नाही. जित्याची खोड.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी बसला आणि पात्याने ती रेघ खरडून काढली. इतकी बेमालूम, की उघड्या पडलेल्या जागी त्याने पेन्सिलीने आकाशाचा कणही पुन्हा भरला. आयुष्यातली सगळ्यात सुंदर करामत होती ती. फोटो छापला, काळ्या चौकटीत बसवला आणि धुतलेल्या धोतरात गुंडाळला. आखाजीला दोन-तीन दिवस होते. ताप्ती लाइनच्या सुरत गाडीत बसून तो नरडाण्याला उतरला, बैलगाडीने खेड्यात गेला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्या ओसरीवर चढला.

गुळगुळीत बेबा भिंतीवर होती. खरी बेबा दारातून बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. सगळे वण जागच्या जागी होते. भाईदासला एकदम रडू आवरेना. त्याने उपरण्याने नाक पुसलं.

“नाना, तुम्ही?” ती म्हणाली. “तुम्ही सोता?”

“तुले लेवाले उनू,” भाईदास म्हणाला. “आखाजीले चाल.”

तिच्या डोळ्यांत जे आलं ते पाहून भाईदासला वाटलं, झालं आपलं काम. त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण माणसाने मेहनत केलेली असली की ती दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, म्हणून ताईबाईने पुढे केलेला तांब्या त्याने हात जोडून परत केला आणि फोटोभोवतीच्या धोतराची गाठ सोडली.

ताईबाईने चौकट पाहिली आणि दोन पावलं मागे सरली. “अय माय! याहीबोवा, हाई अपशकुन घरमां कसाले आना?”

बेबाने मात्र ती दोन्ही हातांत घेतली आणि उजेडात धरली. खूप वेळ पाहिली, चंद्र पाहायची तशीच. तिच्या ओठांवर हसू होतं. मग ते कुठेतरी गेलं.

“नाना,” तिने विचारलं, “इनी खालनी शेपटी कोठे गयी?”

“कोनती?”

“खालनी. सूर्य बुडना त्या अंगले. सुईसारखी, सरळ. आम्ही बठ्ठासनी देखी, खळामां उभं राहीसन.”

“हाऊ,” ताईबाईनेही मान डोलावली. “एक शेपटी वर, एक खाले. म्हनीसनच तं म्हनस, अपशकुन शे.”

खोटं बोलणं सोपं होतं. काचेवर आली नाही, गावात धूर फार, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोण धुळ्या-जळगावातून पडताळायला येणार होतं? बेबा त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोक्यावर, भिंतीवर, तो फोटो होता.

“उनी व्हती,” तो म्हणाला. “काचवर उनी व्हती. मी खरडी टाकी.”

“कसाले?”

“डाग वाटना.”

ताईबाईसारखी ताईबाई, पण तीही तांब्या उचलून आत निघून गेली. बेबाने चौकट पुन्हा धोतरात गुंडाळली, गाठ मारली आणि बापाच्या मांडीवर ठेवली.

“मले वाटनं व्हतं,” ती म्हणाली, “इतला लांबना तारा तरी तुम्ही शे तसा ठेवशात.”

“बेबा, चाल ना. आखाजीले.”

“यंदा राहू द्या, नाना.” आवाजात राग नव्हता. राग असता तर भाईदासने पाय धरले असते. “आनि हाई बी लयी जा. आमना घरमां एक खोटा फोटो शे, तोच पुरे.”

परतीच्या गाडीत डब्यात सगळ्या माहेरवाशिणी. बांगड्या, खिदळणं, कैऱ्यांच्या पिशव्या, मांडीवरची पोरं. प्रत्येकीबरोबर तिचा मुराळी होता. एकीने भाईदासला विचारलं, “बाबा, तुमनी पोर कोठे शे?” त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं, कुठे ते त्यालाही कळलं नाही, आणि ती बिचारी पुढे काही विचारायची थांबली.

संध्याकाळी तो सरळ मेहरूणच्या बांधावर गेला आणि आज दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी वर पाहिलं. शेंडेनक्षत्र फिकं झालं होतं, वर चढलं होतं. वरची शेपूट होती. खालची नव्हती. ती तेवढे दिवस आली आणि गेली. पात्याने खरडलेलं परत येत नाही, काचेवरचा थरच निघून जातो. स्टुडिओत येऊन त्याने ती काच दिव्यासमोर धरली, तर जिथे रेघ होती तिथे पेन्सिलीखाली उघडी, कोरी काच होती.

पण पेन्सिल वेगळी. पेन्सिल वरवर बसलेली असते.

हे सुचलं तेव्हा भाईदास उठून उभाच राहिला. फडताळातल्या पत्र्याच्या पेटीतून त्याने बेबाच्या लग्नाची काच काढली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि तिच्या गालावरून फिरवला. हलकेच, तापातल्या पोराचं तोंड पुसावं तसा. बोळा काळा झाला. एकेक वण खालून वर आला. कपाळावरचे आले, डाव्या गालावरचे आले. सहा वर्षं ते तिथेच होते, एका बोळ्याची वाट पाहत. “याले बी देवी येल व्हत्या का?” त्याला स्पष्ट ऐकू आलं, आणि तो डेस्कवर डोकं ठेवून रडला.

आखाजीच्या दिवशी जळगावात घरोघर झोके बांधले होते, गौराईची गाणी गल्लीगल्लीत चालली होती. माहेरी आलेल्या मुलींना घेऊन आया फोटो काढायला येत होत्या. स्टुडिओच्या दर्शनी काचेमागे आजवर गुळगुळीत नवऱ्यांची रांग असायची. ती काढून भाईदासने मधोमध एकच मोठा फोटो लावला होता.

एक बाई त्याच्यापुढे थांबली. लेकीचा हात धरून होती, आणि नजर तिची बारीक होती.

“भाऊ, हिचे वण काढायचे राहिले का हो?”

“नाही,” भाईदास म्हणाला. “ते आहेतच.”

“कोण आहे ही?”

लग्नापासून आजपर्यंत त्या ओसरीवर हाच प्रश्न आल्यागेल्याला विचारला जात होता, आणि उत्तर द्यायला बाप कधी तिथे नव्हता.

“मनी पोर शे,” भाईदास म्हणाला. “बेबा.”

ती बाई लेकीला घेऊन आत गेली. भाईदासने मुलीला खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्यावरचं काळं कापड डोक्यावर ओढून घेतलं, आणि त्याखालच्या अंधारात तिचा चेहरा काचेवर नीट बसवला.